शिरूर अनंतपाळ ते हीथ्रो

नांदेड,
दि. १४ नोव्हेंबर १९८६

ती. केवळाअक्कास,
मारोतीचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे आम्ही सर्व ठीक. तुझी आणि दाजींची खुशाली कळावी म्हणून जीव लागून आहे.

मुंबईला आपण दोघांनी रक्त तपासायला दिलं होतं, त्याचा निकाल आला. दोन दिवस पाकीट खिशात घेऊन फिरलो, कसं लिहावं ते सुचत नव्हतं. माझं रक्त भुजंगाशी जुळत नाही. वर माझा रक्तदाबही वाढलेला निघाला, तेव्हा माझं नाव दोन्हीकडून कटलं. तुझं मात्र जुळलं आहे. डॉक्टर म्हणाले की सख्ख्या भावंडांतसुद्धा इतकं चांगलं जुळणं नेहमी दिसत नाही. म्हणजे भुजंगाला गुर्दा देऊ शकेल असं घरात एकच माणूस आहे, आणि ते तू.

आता पुढचं. त्याच्या डॉक्टरांनी कळवलं आहे की त्याला इकडे आणणं होणार नाही. इतकी वर्षं बर्मिंगहॅमला दुसऱ्यांना बरं करणारा आपला भुजंग आता स्वतःच आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून पडतो. मशीन सोडून त्याला फार दिवस राहता येत नाही. त्यामुळे बहिणीनेच तिकडे यावं, ऑपरेशन तिथेच होईल, असं त्याच्या बायकोने, रत्नम्माने लिहिलं आहे. तिच्या पत्रातलं इंग्रजी सरळ आहे, पण शेवटच्या ओळीत अक्षर बिघडलं आहे.

तू विमानाला भिशील हे मला ठाऊक आहे, म्हणून मी चौकशी करून ठेवली. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आमच्या ऑफिसचं काम असतं. तिथल्या लायब्ररीत पृथ्वीचा मोठा गोल आहे. त्यावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरला आणि मोजला. सात हजार दोनशे किलोमीटरच्या आसपास येतं. मुंबईत सहारला बसायचं, लंडनला हीथ्रोला उतरायचं. विमान कुठे न थांबता सरळ गेलं तर साडेनऊ तास, मध्ये आखातात थांबलं तर आणखी दोन-तीन. शिरूरहून लातूर करत एसटीने मुंबई गाठायला तुला याच्याहून जास्त वेळ लागतो. तेव्हा अंतराची भीती मनातून काढून टाक. सकाळी बसलीस तर त्याच दिवशी भुजंगाच्या पुढ्यात.

घाई करत नाही, पण उशीरही करता येणार नाही. दाजींचा विचार घे. माझ्या तोंडाला चव नाही, सुमन रोज विचारते की अक्काचं पत्र आलं का.

असाच जीव असू दे.
तुझा,
मारोती


शिरूर अनंतपाळ, ता. निलंगा, जि. लातूर
(आधी उस्मानाबाद लिहून खोडलं, हात वळत न्हाई अजून.)
दि. २५ नोव्हेंबर

चि. मारोतीस,
केवळाचे अ. आ. सौ. सुमनला जयभीम, लेकरांना मुके.

तुझं पत्र पोचलं. इकडं पाऊस गेला तो गेलाच. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. हे आणि मी पाझर तलावाच्या कामावर जातो, खडी फोडून हाताला घट्टे पडलेत. टँकर एक दिवसाआड येतो, पण आपल्या भीमनगरापत्तुर येईस्तोवर तळ वाजतो. बाकी बरं हाय.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. रक्त जुळलं ते वाचून मला भेव न्हाई वाटलं, खरं सांगते. भेव नंतर वाटलं. विमानाचं तू लिहिलंस तिथं.

साडेनऊ तास लिहिलंस तू. मारोती, माय गेली तेव्हा तू भुजंगाला तार केलीस. वैशाखाचं ऊन होतं. मी मायला दुसऱ्या दिवशी दिवस मावळेस्तोवर ठेवलं. अंगावर ओल्या लुगड्याच्या घड्या टाकायच्या, वाळल्या की बदलायच्या. धोंडाकाकू म्हणाली की केवळे, आता किती ठेवशील, मुंग्या लागायला लागल्या. मी म्हणाले की धाकटा समुद्रापल्याड हाय, त्याला यायला आठ दिवस लागतात हे मला कळतं, पण माझं मन होईना, आजचा दिवस राहू द्या. मग नेलं. तिथून पुढं ही सात वर्षं मी सगळ्यांना तेच सांगत आले, की लई लांब हाय, माणूस येऊच शकत न्हाई. मला कुणी खोटं म्हणालं न्हाई. मलाबी ते खरंच वाटायचं.

आता तू दोरा धरून मोजतोस आणि लिहितोस की सकाळी बसलं तर त्याच दिवशी पुढ्यात. म्हणजे मी घड्या बदलत बसले होते, त्या वेळात तो येऊन मायचं तोंड बघून गेला असता. आला न्हाई. पत्र आलं महिन्यानं, त्यातबी का आलो न्हाई ते न्हाई.

गुर्दा देत न्हाई असं मी लिहीत न्हाई. पण माझ्या पोटातला काढून त्याच्या पोटात ठेवायचा, तर आधी हे विचारल्याबिगर माझा पाय उचलणार न्हाई. तू विचार त्याला. का मी विचारू?

यांना तुझं पत्र वाचून दाखवलं तर उठून बैलाकडं गेले. बैलाला चारा न्हाई, तरी तिथंच बसले.

माया हाय ती राहू दे. रक्तदाबाची गोळी खात जा, सुमनला विचारीन मी.
तुझी अक्का,
केवळा


नांदेड,
दि. ३ डिसेंबर

ती. अक्कास,
स. जयभीम. वि. वि.

पत्र वाचलं आणि ऑफिसात हात चालेना. मी धीर द्यायला म्हणून ते तास लिहिले होते. तुझ्या मनात कुठे जाऊन लागतील याचा विचारच केला नाही. तेव्हा विमान किती वेळ घेतं हे मलाही माहीत नव्हतं. तो का आला नाही हे त्यानंतर मी कधी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही.

तुझा प्रश्न मी त्याला तुझ्याच शब्दांत विमानाच्या टपालाने पाठवला आहे. आजारी माणसाला हे पाठवावं का, यावर सुमनचं आणि माझं वाजलं. ती म्हणाली की अक्काला उत्तर मिळालंच पाहिजे, गुर्दा अक्काचा आहे. शेवटी तिनेच तिकिटं चिकटवली.

रत्नम्माचा ऑफिसात फोन आला होता. आवाज येत-जात होता. भुजंगाच्या पायांवर सूज आहे, उलट्या होतात, दोन जिने चढवत नाहीत. डॉक्टर फेब्रुवारीच्या पुढे थांबायला तयार नाहीत.

आणि इकडे तुझ्या पासपोर्टाचं वेगळंच होऊन बसलं आहे. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद, रेशनकार्डावर जिल्हा लातूर. चौकशीचे कागद जुन्या जिल्ह्याला गेले, तिथून लिहून आलं की हे गाव आता आमच्याकडे नाही. जिल्हा नवा होऊन चार वर्षं झाली, पण कागदाला कोण सांगणार. आता गाव तेच, बाई तीच, असा दाखला लातूरच्या कचेरीतून आणावा लागेल. शाळेत तू केवळा केरबा, रेशनकार्डावर केवळाबाई दगडोबा, तेही एकच हे लिहून घ्यायला हवं. लहानपणी तू आम्हाला दोन माणसांएवढं मारायचीस, त्याचा हा पुरावा म्हणायचा.

हसू येत नाही मला, उगाच लिहिलं. तुझं ठरलेलं नसलं तरी कागद तेवढे पुढे सरकू देत. नंतर हो म्हणालीस आणि कागद नाहीत, असं होऊ नये.

मारोतीवर राग धरू नकोस.
तुझाच,
मारोती


बर्मिंगहॅम,
दि. १२ डिसेंबर १९८६

प्रिय अक्कास,
भुजंगाचा जयभीम.

दादाने तुझा प्रश्न पाठवला. तो तू विचारलास हे बरं झालं. तुझी पत्रं इतकी वर्षं येत होती, त्यात पावसाचं असायचं, माणसांचं असायचं, आणि हे एक नसायचं. ते नसलेलं मला दर पत्रात दिसायचं.

दादाची तार मला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. त्या वेळी माझा पासपोर्ट माझ्याकडे नव्हता. इथे राहण्याची मुदत वाढवून घ्यायला तो सरकारी कचेरीत दिलेला होता. मी रेल्वेने लंडनला गेलो, तार दाखवली. खिडकीवरची बाई चांगली होती, तिने आत जाऊन शोधलं, पण पासपोर्ट त्या दिवशी सापडला नाही. मी तिथेच एका खोलीत राहून रोज जात राहिलो. हातात पडला तेव्हा हिशेब केला, मायला माती देऊन झालं असणार हे कळलं. तरी हीथ्रोला गेलो. तिथे बाकावर बसलो. विमान सुटल्याचं ऐकलं आणि परत आलो. जाऊन काय बघायचं होतं, तू घातलेला मायच्या जलदानविधीचा मांडव.

हे तेव्हा लिहिलं नाही, कारण लिहायला बसलो की ते सबबीसारखं वाटायचं. माय गेली आणि मी पासपोर्ट सांगतोय. मग लिहिणं राहून गेलं आणि नंतर सुरुवात कुठून करावी ते कळेना.

आता डॉक्टर म्हणून लिहितो, ते नीट ऐक. तुझं एक मूत्रपिंड काढलं तरी दुसऱ्यावर माणूस चांगला जगतो. पण पोट चिरावं लागतं, भूल द्यावी लागते, आणि कधीकधी धडधाकट माणसालाही त्यात धोका होतो. पुढे काही महिने तुला जड उचलता येणार नाही. खडी फोडणं तर नाहीच. इतकं करूनही ते माझ्या शरीरात चालेलच याची खात्री कुणी देत नाही. तू नाही म्हणालीस तर मी मशीनवर जमेल तितकं राहीन, आणि तुझ्याबद्दल माझ्या मनात काही येणार नाही. मी धाकटा म्हणून येऊ नकोस. तुला वाटलं तरच ये.

अक्षर वेडंवाकडं आहे, हात सुजला आहे. दाजींना जयभीम सांग.

तुझा,
भुजंग


शिरूर अनंतपाळ,
दि. ६ जानेवारी १९८७

चि. मारोतीस अ. आ.

भुजंगाचं पत्र आलं. तुलाबी त्यानं लिहिलंच असेल. मी ते चुलीपाशी वाचलं, भाकर करपली, तव्याकडं बघितलंच न्हाई. तो बाकावर बसला होता ती ओळ परत परत वाचली. इतकी वर्षं मी एकीकडं आणि तो एकीकडं, मायला धरून बसलो होतो आणि एकमेकाला सांगितलं न्हाई. आता त्यावर मला काही बोलायचं न्हाई. झालं ते.

मी जाते. हे तुला आधी सांगते, मग बाकीचं.

यांना सांगितलं तर चार दिवस जेवण नीट गेलं न्हाई यांना. मग एका सांजेला आपणहून बोलले. म्हणाले की दुष्काळ येतो आणि जातो, मी बघितलेत, पण तुला काही झालं तर मी त्यातून निघायचो न्हाई. म्हणाले की भाऊ तुझा हाय हे खरं, पण तीस वर्षं झाली, तू माझी कुणी हायेस का न्हाईस. मी म्हणाले की तुमचं रक्त त्याला जुळलं असतं तर तुम्ही काय केलं असतं. ते उठून बाहेर जाऊन पडले. मला वाटलं, आता हे नकोच म्हणणार.

दुसऱ्या दिवशी अंगरखा घालून माझे सगळे कागद पिशवीत टाकले आणि लातूरला गेले. कुठं चाललात सांगितलं न्हाई. तिसऱ्या दिवशी परत आले, दाखला घेऊन. कलेक्टर कचेरीत एकानं उद्या या म्हणून सांगितलं तर हे व्हरांड्यातच राहिले, तिथंच झोपले. साहेबानं विचारलं म्हणे की बाबा, बाईला एवढ्या लांब कशाला पाठवता. यांनी सांगितलं की मी पाठवत न्हाई, ती जायली, मी फक्त कागद न्यायला आलोय. दाखला माझ्या हातात दिला आणि आंघोळीला पाणी हाय का विचारलं. मी न्हाई म्हणाले तर तसेच झोपले.

दाखला सोबत रजिस्टर टपालानं धाडते. मला आता खरं भेव वाटायलंय मारोती. दिवसा काम करते तेव्हा न्हाई. बसलं की वाटतं. पोटावर हात ठेवून बघते, कुठल्या बाजूचा काढतील.

भेव वाटतं हे यांना लिहू नकोस.
तुझी,
केवळा


नांदेड,
दि. २८ जानेवारी

ती. अक्कास,
स. जयभीम. वि. वि.

पासपोर्ट आला. तुझा फोटो असा आहे की तू फोटोवाल्याला रागवून राहिलीस. व्हिसाचं काम मुंबईत आपल्या ओळखीच्या भाऊंनी करून दिलं. दहा फेब्रुवारीचं सकाळचं विमान आहे. मी नांदेडहून रेल्वेने मनमाडवरून येतो, तू आणि दाजी लातूरच्या एसटीने या, मुंबईत भेटू.

आता एक गोष्ट लपवत नाही. काल तार आली. भुजंगाला ताप आहे, कशाचा ते कळायचं आहे. ताप उतरल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत. मी ट्रंक कॉल लावून रत्नम्माला विचारलं की मग अक्काने थांबावं का. ती म्हणाली की येऊ द्या, इथे असल्या म्हणजे ज्या दिवशी जमेल त्या दिवशी करता येईल. मला ते बरोबर वाटतं. पण तू तिथे पोचायची आणि त्याचा ताप वाढायचा, असंही मनात येतं. दीड वर्षापूर्वी समुद्रात पडलेल्या त्या विमानाचंही मनात येतं. तुला लिहू नये ते सगळं लिहून राहिलो आहे.

सामान थोडं घे. स्वेटर सुमन देते, मोजेही घाल, साडीखाली कोण बघतंय. पासपोर्ट ब्लाऊजच्या आत कापडी पिशवीत ठेव. विमानात पट्टा बांधायला सांगतात, तो बांध. हीथ्रोला उतरलीस की लोक जातील तिकडे जायचं आणि कुणी काही विचारलं तर सोबत धाडतो ते भुजंगाचं इंग्रजी पत्र पुढे करायचं. बाहेर रत्नम्मा उभी असेल. ती मूळची बीदरकडची आहे, कानडी बोलते. निलंग्याच्या बाजारात तू कानडीत भाव करतेस, तेवढ्यावर भागेल.

माझं लिहिणं लांबतंय. दहा तारखेपर्यंत तू तब्येत जप, खडीच्या कामावर जाऊ नकोस.
तुझा,
मारोती


लातूर,
दि. १२ फेब्रुवारी

ती. अक्कास,
स. जयभीम. हे पत्र लातूरच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून लिहितो आहे. दाजींना सोबत म्हणून मीही इकडूनच आलो, आता नांदेडची गाडी बघायची.

तू काचेच्या दारातून आत गेलीस आणि एकदाही मागे वळली नाहीस. दाजी म्हणाले की वळली असती तर परत आली असती, म्हणून वळली नाही. आम्ही बाहेर कठड्याला धरून उभे राहिलो. विमान कुठलं तेही कळत नव्हतं. एक वर गेलं, दाजींनी तेच धरलं. ते दिसेनासं झालं तरी टोपी हातात घेऊन तिकडेच बघत होते.

मग एसटीत बसलो. पनवेल सोडलं तेव्हा त्यांनी मला विचारलं की आता कुठपर्यंत गेली असेल. मी म्हणालो की समुद्रावर असेल. पुण्याच्या आधी परत विचारलं. मी म्हणालो की आखात आलं असेल. मग प्रत्येक थांब्यावर विचारू लागले आणि मी गोल आठवून एकेक देशाचं नाव सांगत गेलो. भिगवणला बस बिघडली. दुसरी गाडी येईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला बसून होतो, तेव्हा मी म्हणालो की दाजी, आता ती उतरली असेल. ते म्हणाले की आपण अजून अर्ध्यातसुद्धा नाही. मग त्या दिवसातलं पहिलं पाणी प्यायले.

पण उतरलीस का, हे मला ठाऊक नाही. मी आपलं सांगत होतो. दोन दिवस झाले. ऑफिसात फोन केला तर तार आलेली नाही. तुझं पत्र इकडे यायला दहा-बारा दिवस, माझं तिकडे पोचायला तेवढेच. जे काही व्हायचं ते होऊन जाईल आणि आम्ही इकडे मागचंच काहीतरी धरून बसू.

पोचलीस एवढं कळव.
तुझा,
मारोती


बर्मिंगहॅम,
दि. १९ फेब्रुवारी

चि. मारोतीस अ. आ.
यांनाबी हे पत्र वाचून दाखव, वेगळं लिहिणं होत न्हाई.

मी पोचले. रत्नम्मानं तार केली म्हणाली, मिळाली असेल. विमानात पट्टा बांधायचा तू सांगितलंस, सोडायचा कधी ते न्हाई सांगितलं. मी तो बांधूनच बसले, मोरीकडंबी गेले न्हाई. मग विमान उतरलं, इमारती दिसल्या, लोक उठले. मी पिशवी घेऊन दारापत्तुर गेले. शेजारी एक पंजाबी म्हातारी होती, तिनं माझा पदर धरला आणि हिंदीत सांगितलं की ये दुबई है, बैठ जा. मारोती, मी परत जाग्यावर बसले आणि पट्टा आवळून बांधला. दार ओलांडलं असतं तर मी आज कुठं असते. त्या म्हातारीनं मग हीथ्रो येईस्तोवर माझा हात सोडला न्हाई. ढग खाली होते, त्याच्यात थेंब पाणी दिसलं न्हाई.

रत्नम्मा बाहेर होती. मला बघून ती बन्नी बन्नी अक्का, म्हणजे या या, म्हणाली आणि रडायलाच लागली. चांगली पोरगी हाय. आम्ही कानडी, हिंदी आणि हातवारे करून बोलतो.

भुजंगाला मी ओळखलं न्हाई. खाटेवर कुणी म्हातारा झोपलाय असं वाटलं. रंग काळवंडलाय, डोळे आत गेलेत. मला बघून उठायला लागला, मी खाली बसवलं. तो मायचं काढायला लागला तर मी म्हणाले की ते आपलं पत्रात झालं, आता झोप. ताप उतरलाय.

काल डॉक्टरनं मला एकटीला आत बोलावलं. भुजंग न्हाई, रत्नम्मा न्हाई. एक गुजराती बाई दुभाषी होती, हिंदीत सांगायची. डॉक्टरनं विचारलं की तुम्हाला कुणी भरीला पाडलं का, कुणी भेव दाखवलं का, काही देतो म्हणालं का. मी न्हाई म्हणाले. त्यानं विचारलं की घरचे काय म्हणाले. मी सांगितलं की नवरा नको म्हणत होता, मग त्यानंच कागद आणले. डॉक्टर म्हणाला की अजूनबी तुम्ही नको म्हणू शकता, आम्ही भावाला इथल्या तपासणीत तुमचं रक्त जुळलं न्हाई एवढंच सांगू, कुणाला कळणार न्हाई. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला आपलं घर दिसलं आणि हे दिसले. मग मी म्हणाले की जुळलंय ते जुळलंय. त्यानं उठून माझा हात हातात घेतला.

मंगळवारी हाय ऑपरेशन. हे पत्र तुला पोचेल तेव्हा झालेलं असेल. यांना म्हणावं की बैल विकायचा झाला तरी खाटकाला देऊ नका, चाराछावणी बघा. आणि जेवत जा.

जीव लावून राहा.
केवळा


नांदेड,
दि. १ मार्च

ती. अक्कास,
स. जयभीम. वि. वि.

पोचल्याची तार तेराला मिळाली होती. पत्र अजून नाही. परवा दुसरी तार आली. त्यात एवढंच आहे : ऑपरेशन झालं, अक्का बरी, पत्र येते, रत्नम्मा.

मी आनंदाने ओरडलोच. दाजी तार आली की कळावं म्हणून इथेच येऊन राहिलेत. त्यांना वाचून दाखवली. त्यांनी परत वाचायला लावली. मग म्हणाले की आमची बरी आहे हे लिहिलं, मग त्याचं का नाही लिहिलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सुमनच्याही आलं. आम्ही तिघं तो कागद मध्ये ठेवून बसलो. भुजंगाचं नावच त्यात नाही.

तारेत शब्द कमी म्हणून राहिलं असेल, असं मी म्हणालो. सुमन म्हणाली की भुजंग बरा, एवढे दोनच शब्द होते. तिचं खरं आहे.

काल पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. अर्धा दिवस बसलो. लागला तेव्हा रत्नम्माच होती. मी भुजंग भुजंग म्हणून ओरडत होतो, पोस्टातले लोक बघत होते. तिचं बोलणं घरघरीत बुडत होतं. वाट बघतो आहोत एवढं कळलं आणि लाइन तुटली. कशाची वाट?

दाजींना सांगितलं. ते म्हणाले की आपणही तेच करतोय. रोज तुझी साडी घडी करून ठेवतात, मागे आली होतीस तेव्हा सुमनकडे राहिलेली ती. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

हे पत्र मिळेपर्यंत काय ते ठरलेलं असेल. तरी लिहितो, लिहिलं नाही तर करणार काय.
तुझा,
मारोती


बर्मिंगहॅम,
दि. ८ मार्च

चि. मारोतीस, सौ. सुमनला आणि यांना,
केवळाचा जयभीम आणि आशीर्वाद, ज्याला जो लागू त्याला तो.

रत्नम्मा म्हणाली की तुझा फोन आला होता आणि तिला काही सांगताच आलं न्हाई. तिच्यावर रागवू नको. तारेत तिनं भुजंगाचं लिहिलं न्हाई, कारण खोटं लिहायचं न्हाई असं तिनं ठरवलं होतं, आणि खरं काय ते डॉक्टरालाबी माहीत नव्हतं.

झालं असं. मला शुद्ध आली तेव्हा कुशीत आग होती. मी पहिलं विचारलं, भुजंग. कुणी नीट सांगेना. माझा गुर्दा त्याच्या पोटात बसवला होता, रक्तबी फिरत होतं, पण तो काम करीना. डॉक्टर म्हणाला की गुर्दा झोपलाय, कधीकधी असं होतं, थांबू. त्याला परत मशीनला लावलं. एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा गेला. खाटेखाली बाटली टांगलेली असते, लघवीची. रत्नम्मा येता-जाता वाकून बघायची आणि उठायची. मला चालायची परवानगी मिळाली तशी मीबी भिंतीला धरून त्याच्या खोलीत जायची आणि वाकून बघायची. टाके ओढायचे. बाटली कोरडीच.

मारोती, त्या दिवसांत मला लई वाईट वाटायचं. वाटायचं की मीच काही कमी दिलं. रोज उन्हात खडी फोडून तो गुर्दाबी वाळला असेल. भुजंगाला हे म्हणाले तर तो हसला, तसं नसतं म्हणाला, पण तोंड भिंतीकडं केलं. डॉक्टर येऊन नुसते कागद बघून जायचे. काढून टाकावा लागेल असं एकदा त्यांचं बोलणं झालं, ते रत्नम्मानं मला सांगितलं न्हाई, तिच्या तोंडावरून मला कळलं.

गुरुवारी सकाळी मी गेले तर नर्स पळत आली. गोरी बाई, मला धरून त्याच्या खाटेपाशी घेऊन गेली आणि बाटलीकडं बोट दाखवलं. तळाला थोडं होतं. चहाच्या कपभर असेल. रत्नम्मा खाली जमिनीवर बसली आणि बाटलीला हात लावून रडली. डॉक्टर आला, त्यानंबी वाकून बघितलं, आणि दोन्ही हात वर केले. लघवीसाठी एवढी शिकलेली माणसं एवढी खूश झालेली मी जन्मात बघितली न्हाईत. दुपारपत्तुर बाटली भरली. दुसऱ्या दिवशी तीन भरल्या. मशीन बंद केलंय आता.

मी बरी हाय. एप्रिलमधी मला सोडतील. भुजंगाला अजून बरेच महिने विमानात बसू देणार न्हाईत, औषधंबी जन्मभर घ्यायचीत. आणि हे चालेलच असं डॉक्टर अजून म्हणत न्हाई, आजचं चांगलं हाय एवढंच म्हणतो. तेवढं मला चालतं.

आज सकाळचं सांगते आणि थांबते, हात दुखायलाय. मशीनवर होता तोवर भुजंगाला पाणी मोजून मिळायचं, दिवसाला एवढीशी वाटी, औषधाच्या गोळ्या त्यातच गिळायच्या. वर्षभर त्यानं घोटभर पाणी मनासारखं प्यायलेलं नव्हतं. हे मला इथं येऊन कळलं. आज डॉक्टर म्हणाला की आता भरपूर प्या, जेवढं जाईल तेवढं प्या, नव्या गुर्द्याला तेच पाहिजे. भुजंग उठला, हात धरू दिला न्हाई कुणाला, नळापाशी गेला. पेला भरला, प्याला. परत भरला, प्याला. नळ चालूच होता, त्याचं तिकडं लक्षच नव्हतं, गळ्यावरून पाणी खाली गळत होतं आणि तो पीत होता. मी खुर्चीत बसून बघत राहिले. पाणी वाया चाललेलं मला बघवत न्हाई हे तुला माहीत हाय. पण आज मी उठले न्हाई. त्याचं पिऊन झाल्यावर उठले आणि नळ बंद केला.

सगळ्यांवर लोभ आहे, तुमचाबी असाच राहू द्या.
तुमची,
केवळा